दोनशे धनुर्धारी आणि एक फासा

संपादक महोदय,

बैठ्या खेळांवरील आपल्या पुरवणीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. या खेळात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली एकेक पात्रे होतात आणि काय साधले, काय फसले हे फासे ठरवतात. आमच्या गटात गोष्ट मी चालवतो. पहिल्या मोठ्या लढाईत मी दोनशे धनुर्धाऱ्यांसाठी एकेक फासा टाकायला बसलो. चाळिसाव्या बाणापर्यंत दोघे खेळाडू डुलक्या घेत होते, तिसरा चहा करायला उठला तो परतलाच नाही!

आता हिशेब सरासरीने करतो. बाण लागायला वीस बाजूंच्या फाशावर १६ किंवा जास्त पडावे लागत असेल, तर चारांतला एक बाण लागणार. दोनशेंपैकी पन्नास लागले, पुढे चला. फासे राखून ठेवतो ते खेळाडूंच्या पात्रांसाठी. पूल पाडायचा की राखायचा, निशाण पडले तर कोण उचलणार, हे त्यांनी ठरवायचे. फौजेचे नशीब त्यावर फिरते. आणि पाव-अर्धी फौज पडली की उरलेल्यांचे धैर्य तपासायचे. शेवटच्या माणसापर्यंत लढणारी फौज मला तरी खोटी वाटते.

गंमत अशी, की १९७४ साली आलेला हा खेळ मुळात सैन्यांच्या युद्धखेळातूनच निघाला. त्या युद्धखेळाच्या १९७१च्या नियमांत एक बाहुली वीस सैनिकांच्या जागी उभी राहू शके. म्हणजे माझी युक्ती काही नवी नाही.

आपला,
एक वाचक