वॉलपेपरमागची मूळ फाइल शोधायला शिकवणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

शाळा आणि वाचनालयांमधले संगणक सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून तुमचे मनापासून आभार. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहितो आहोत, कारण तुम्ही दाखवलेली वाट ज्यांना हवी आहे अशी माणसे पुष्कळ आहेत. शाळेच्या जुन्या इमारतीचा, स्नेहसंमेलनाचा किंवा निवृत्त झालेल्या बाईंचा फोटो वॉलपेपर म्हणून वर्षानुवर्षे समोर असतो आणि मूळ फाइल मात्र कुणाच्या तरी पेनड्राइव्हबरोबर निघून गेलेली असते. मग घाईघाईने स्क्रीनशॉट काढला जातो. त्यात आयकॉन आणि टास्कबार येतात, कडा कापल्या जातात आणि माप पडद्याएवढेच मिळते. १९२० बाय १०८० पिक्सेलचे चित्र इंचाला ३०० ठिपक्यांनी छापले तर ६.४ बाय ३.६ इंच भरते. भिंतीवरच्या फ्रेमसाठी ते अगदीच अपुरे.

मूळ फाइल पुसली गेली तरी फोटो दिसत कसा राहतो, हे तुम्ही आधी समजावलेत, आणि पुढचे सगळे त्यामुळेच सोपे झाले. वॉलपेपर लावताना विंडोज त्या फोटोची स्वतःची एक प्रत करून ठेवते आणि पडद्यावर दिसते ती हीच प्रत. म्हणून पहिला नियम: शोध संपेपर्यंत वॉलपेपर बदलायचा नाही. नवा लावला की जुन्या प्रतीवर नवी बसते. स्लाइड शो चालू असेल तर हे आपोआपच होते, तेव्हा हवे ते चित्र समोर असतानाच प्रत उचलायची.

विंडोज १० आणि ११ मध्ये ती काढायला मिनिटभर पुरते. विंडोजचे बटण आणि आर दाबून ‘रन’ची चौकट उघडायची, दोन टक्के-चिन्हांच्या मधे अ‍ॅपडेटा हा शब्द इंग्रजीत, जागा न सोडता टाइप करायचा आणि एंटर. उघडलेल्या फोल्डरातून मायक्रोसॉफ्ट, विंडोज, थीम्स असे आत जायचे. एरवी अ‍ॅपडेटा हे फोल्डर लपवलेले असते, त्यामुळे नुसते हुडकत बसले तर ते दिसतच नाही. थीम्समध्ये ‘ट्रान्सकोडेडवॉलपेपर’ नावाची, एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरे) नसलेली फाइल असते. एक्स्टेन्शन नाही म्हणून ती दोनदा क्लिक करून उघडत नाही आणि लोक तिला निकामी समजतात. ती डेस्कटॉपवर कॉपी करायची आणि कॉपीच्या नावापुढे टिंब देऊन जेपीजी जोडायचे. मूळ जागी नाव बदलायचे नाही, ती विंडोजच्या वापरातली फाइल आहे. दोन मॉनिटर असतील तर शेजारी ‘ट्रान्सकोडेड’ आणि पुढे ०००, ००१ अशा वेगळ्या फाइली दिसतात. तिथलेच ‘कॅश्डफाइल्स’ फोल्डर मात्र फसवे आहे. त्यातले चित्र लगेच उघडते, पण ते पडद्याच्या मापाला आणलेले असते.

ही प्रतही मूळ फोटो नव्हेच. जेपीजी फोटो वॉलपेपर म्हणून घेताना विंडोज त्याचा दर्जा साधारण ८५ टक्क्यांवर आणते. पडद्यावर फरक कळत नाही, मोठ्या छपाईत बारीक अक्षरांच्या आणि चेहऱ्यांच्या कडांशी तो जाणवतो. म्हणून प्रत सुरक्षित ठेवल्यावर मूळ फाइलचा पत्ता शोधायलाच हवा, हा तुमचा आग्रह आम्हाला पूर्ण पटला.

पत्ता असतो विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते त्या रजिस्ट्रीत, आणि तिथे काही बदलायचे नाही, फक्त वाचायचे. ‘रन’मध्ये रेजएडिट लिहून एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, वॉलपेपर्स या क्रमाने गेले की ‘बॅकग्राउंडहिस्टरीपाथ’ अशा ० ते ४ क्रमांकांच्या नोंदी दिसतात. आधीच्या वॉलपेपरचे पत्ते इथे सरळ वाचता येतात, मराठी नावांसह. पण नोंदी पाचच, आणि सामाईक संगणकावर हवी ती लवकर बाहेर ढकलली जाते. मग रजिस्ट्रीतच एचकी करंट यूजर, कंट्रोल पॅनल, डेस्कटॉप इथली ‘वॉलपेपर’ ही नोंद पाहायची. कधी ती मूळ फाइल दाखवते, कधी पुन्हा त्याच ट्रान्सकोडेड प्रतीकडे बोट करते. तसे झाले तर उरते तिच्या शेजारची ‘ट्रान्सकोडेडइमेजकॅश’.

आमचे सगळ्यांचे घोडे इथेच अडत होते. ही नोंद बायनरी, म्हणजे साध्या मजकुराऐवजी आकड्यांच्या रूपात साठवलेली आहे. इंग्रजी नाव असेल तर उजव्या बाजूला प्रत्येक अक्षरानंतर एक टिंब, असा पत्ता वाचता येतो. देवनागरी नाव मात्र ओळखू येत नाही, कारण रजिस्ट्रीची ही चौकट एकेक बाइट सुटा दाखवते आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर तिथे दोन बाइटांचे असते. ‘शाळा’ या शब्दात श च्या जागी सहाचा आकडा येतो, कान्याच्या जागी ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह, ळ च्या जागी तीनचा आकडा आणि मधेमधे टिंबे. हा कचरा नाही, हेच नाव आहे, हे तुम्ही अक्षरागणिक जुळवून दाखवलेत. त्या क्षणी कितीतरी ‘बिघडलेल्या’ नोंदी आमच्यासाठी वाचनीय झाल्या. त्याबद्दल विशेष आभार!

उपायही तुमचाच: पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजला लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीतून, ही नोंद वाचायची, पहिले २४ बाइट सोडायचे, उरलेले युनिकोड मजकूर म्हणून उलगडायचे आणि सेट-क्लिपबोर्ड या कॉपी करणाऱ्या आज्ञेने उचलून नोटपॅडमध्ये चिकटवायचे. २४ बाइट सोडणे टाळता येत नाही. त्यांत पत्त्याचा मजकूर नसतो, इतर माहिती आणि शून्ये असतात, आणि पहिल्या शून्याशी क्लिपबोर्ड थांबतो. पॉवरशेलच्या जुन्या काळ्यानिळ्या खिडकीत देवनागरीऐवजी चौकोन उमटतात, म्हणून नोटपॅड.

पत्ता मिळाला की तो काय सांगतो तेही पाहावे लागते. ई किंवा एफ ड्राइव्ह असेल तर बहुधा पेनड्राइव्ह शोधायचा. ‘फोटोजअ‍ॅपबॅकग्राउंड’ असे फोल्डर असेल तर फोटो अ‍ॅपमधून वॉलपेपर लावला होता आणि त्या अ‍ॅपने केलेली प्रत तिथे आहे. सी ड्राइव्ह, विंडोज, वेब, वॉलपेपर असा पत्ता असेल तर ते विंडोजबरोबर आलेले चित्र आहे, कुणाचा फोटो नव्हे.

या सगळ्या पायऱ्यांच्या तुमच्या टिपणात आम्ही एकच भर घातली आहे. शाळेच्या साध्या खात्यात असताना ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडले तर रेजएडिट अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते. तो दिला की ‘करंट यूजर’ म्हणून अ‍ॅडमिनचीच रजिस्ट्री उघडते आणि भलत्याच वॉलपेपरचा पत्ता हाती येतो. रेजएडिट किंवा पॉवरशेल साध्या खात्यातच, अ‍ॅडमिन न होता उघडले तर ही अडचण येत नाही. टिपण छापून प्रत्येक संगणकाशेजारी लावायचे आहे. त्याआधी ही भर एकदा नजरेखालून घालावी, ही विनंती.

आपले ऋणी,
शाळा-वाचनालयांचे संगणक सांभाळणारे आम्ही सर्व