कडी काढून दिल्याबद्दल, ताई

ताई,

त्या रात्री फोन ठेवताना नुसतं ‘थँक्यू’ म्हणालो. ते फार तोकडं पडलं, म्हणून हे पत्र, चारचौघांत.

तीन दिवस आमचं जावा अ‍ॅप्लिकेशन क्लाउडवर उभं राहत नव्हतं. लॅपटॉपवर ठणठणीत. क्लाउडवर मात्र वाइल्डफ्लाय (जावा अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) सुरू झाल्याचं लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, सांगायचा, हेल्थ चेक (अ‍ॅप उत्तर देतंय का ही तपासणी) नापास व्हायचा आणि क्लाउड प्लॅटफॉर्म कंटेनर, म्हणजे अ‍ॅप चालतं तो बंदिस्त डबा, मारून नवा उभा करायचा. मी फायरवॉलचे नियम बदलले, जेडीके (जावाचं साधनसंच) बदललं, वॉर फाइल (अ‍ॅपचं गाठोडं) चारदा नव्याने बिल्ड केली. दिसेल त्या दगडाला शेंदूर फासत होतो.

तुम्ही यातलं काहीच ऐकून घेतलं नाहीत. “‘लिसनिंग’ म्हणणारी ओळ वाचून दाखव.” मी वाचली: १२७.०.०.१, पोर्ट ८०८०. पलीकडे शांतता. मग म्हणालात, “अरे, तो आतून कडी लावून बसलाय आणि पाहुणे येईनात म्हणून तू रस्ते तपासतोयस!”

वाइल्डफ्लाय मुळात १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्या मशीनपुरतंच ऐकतो, सुरक्षेसाठी तसं ठेवलंय. लॅपटॉपवर ब्राउझर आणि सर्व्हर एकाच घरात, त्यामुळे ती कडी मला कधी आडवी आलीच नव्हती. बाइंड अ‍ॅड्रेस (कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते) ०.०.०.०, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, केला, पोर्ट प्लॅटफॉर्मच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतला, आणि पान उघडलं. त्या भरात मी ९९९० चा मॅनेजमेंट पोर्टही (सर्व्हरचा कारभार जिथून चालतो तो) जगाला उघडा करायला निघालो होतो. तेव्हा तुमचा जो आवाज चढला, त्याचे वेगळे आभार.

सकाळी कंटेनर पुन्हा मेला. एक्झिट कोड १३७, आणि लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’चं नावही नाही. तुम्ही मला वजाबाकी करायला लावलीत: १३७ मधून १२८ (सिग्नलने मेल्याची खूण) गेले, राहिले ९, म्हणजे सिगकिल, तडकाफडकी मारायचा सिग्नल. मेमरी संपल्याची तक्रार जावाने करायच्या आतच कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) गळा धरला होता. मग वाइल्डफ्लायची कॉन्फिग फाइल उघडायला लावलीत. हीपला (जावाच्या ऑब्जेक्टची मेमरी) ५१२ एमबी, मेटास्पेसला (क्लासची माहिती) २५६ पर्यंत, थ्रेडच्या स्टॅकचं वेगळंच. आणि कंटेनरची एकूण मर्यादा? ५१२. इतकी वर्षं जावा लिहून ही बेरीज मी केली नव्हती. कंटेनर १ जीबीचा घेतला, तेव्हापासून उभा आहे.

एवढ्या सगळ्यात तुम्ही एकदाही स्क्रीन शेअर मागितली नाहीत. कीबोर्ड माझ्याच हातात ठेवलात. दहा मिनिटांचं काम होतं, तुम्ही त्याला दीड तास दिलात.

अपलोडच्या फाइल्स कंटेनरच्या डिस्कवर ठेवू नकोस, हेही जाता जाता सांगितलं होतंत. ऐकलं नाही. पुढच्या डिप्लॉयला (नवी आवृत्ती चढवताना) जुन्या कंटेनरबरोबर सगळ्या गेल्या. टेस्टच्या होत्या म्हणून वाचलो.

आता दोन कंटेनर लावलेत आणि लोक लॉगिन करून मधेच बाहेर फेकले जातायत. सेशन (कोण लॉगिन आहे याची आठवण) एकाकडे राहतंय आणि पुढची रिक्वेस्ट दुसऱ्याकडे जातेय, असा माझा अंदाज. रविवारी फोन करतो. या वेळी लॉग आधी वाचून ठेवलाय.

तुमचा जुना ज्युनिअर