चहाचे दोन कप आणि आमच्या ग्रंथपाल बाई

बाई,

सप्रेम नमस्कार.

पालवणकर बंधूंवरचं आमच्या शाळेतलं प्रदर्शन परवा उतरवलं. तक्ते गुंडाळताना सारखी तुमची आठवण येत होती. उद्घाटनाला तुम्ही आला नाहीत, तक्त्यावर तुमचं नावही घालू दिलं नाहीत. म्हणून हे पत्र, सगळ्यांदेखत.

पहिल्यांदा वाचनालयात आलो तेव्हा माझ्या वहीत एकच ओळ होती : बाळू पालवणकर, डावखुरे फिरकी गोलंदाज, १९११ चा इंग्लंड दौरा, ११४ बळी. मी खेळाचा शिक्षक, आकड्यानेच हरखलो होतो. तुम्ही शांतपणे विचारलंत, "हे बळी घेणारा माणूस चहा कुठे प्यायचा, ठाऊक आहे?"

नव्हतं ठाऊक. इतकी वर्षं पुण्यात मुलांना क्रिकेट शिकवतोय, आणि ही याच शहरातली गोष्ट! चर्मकार समाजातला हा मुलगा इथल्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करायचा आणि नेटमध्ये साहेबांना तासन् तास चेंडू टाकायचा. बॅट मात्र त्याच्या हाती कधी दिली गेली नाही. पुढे युरोपियनांना हरवायचं म्हणून हिंदूंच्या क्रिकेट संघाने त्याला घेतलं. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातात. चहाची वेळ झाली की बाकीचे आत चिनी मातीच्या कपात चहा पीत, आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात.

हे जगापुढे आणलं इतिहासकार रामचंद्र गुहांनी, इंग्रजीतून. पण तुम्ही मला त्यांच्याही मागे नेलंत. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांनी १९४८ मध्येच मराठीत आत्मचरित्र लिहून ठेवलं होतं. आपल्याच भाषेत होतं, आणि आपल्याला पत्ता नव्हता. ही खंत माझी अजून गेलेली नाही. त्या दिवसापासून तुम्ही शिस्त लावलीत : प्रत्येक ओळीखाली ती कुठून घेतली ते लिहायचं, आणि ऐकीव गोष्ट असेल तर तसं सांगायचं. साहेबाला बाद केलं की बाळूंना आठ आणे मिळत, ही आठवीच्या मुलांची सगळ्यात लाडकी गोष्ट. तिच्याआधी 'असे सांगतात' हे दोन शब्द मुलांनी आपणहून लिहिले, बाई.

कुंभारवाड्यातून मातीचं भांडं आणायचं आणि शेजारी कपबशी ठेवायची, ही कल्पनाही तुमचीच. त्यावरून एक पालक चिडले. "मुलांच्या डोक्यात जात कशाला घालता?" मी डगमगलो, भांडं उचलायला निघालो होतो. तुम्ही फोनवर म्हणालात, "मुलांना जात माहीत असते, सर. आपण गप्प बसलो तर त्यांना एवढंच कळतं, की याबद्दल बोलायचं नसतं." भांडं जागेवरच राहिलं.

आणि १९३७ चा तक्ता. तो मला नकोच होता. मुंबईच्या निवडणुकीत बाळू खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, १३,२४५ विरुद्ध ११,२२५. ज्या दोघांबद्दल मनात आदर, त्यांना समोरासमोर कसं दाखवायचं? तुमचं म्हणणं एवढंच होतं, की नको ते गाळायचं असेल तर प्रदर्शनच करू नका. लावला. सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच आले. नववीतल्या एका मुलीने पुणे करारापासून सुरुवात केली आणि मधली सुट्टी संपली तरी ती हलेना.

१९२० मध्ये कर्णधारपदासाठी डावललं म्हणून विठ्ठल आणि त्यांचे भाऊ शिवराम हिंदू संघाबाहेर पडले, हेही मुलांनी नाटुकल्यात केलं. त्यांना राग येऊ द्या, असं तुम्ही म्हणाला होतात. आला, खरंच आला. विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले, हे ऐकून त्यांनी टाळ्या वाजवल्या त्या त्या रागातूनच.

तुम्ही शोधून दिलेले कागद, वाट पाहून उघडं ठेवलेलं वाचनालय, माझं खाडाखोड केलेलं पहिलं टिपण, सगळ्यासाठी मनापासून आभार.

तक्ते आता दुसऱ्या शाळेने मागितले आहेत. पाठवण्याआधी १९२० चा मजकूर तुमच्या नजरेखालून जायला हवा. शनिवारी चारला येतो.

तुमचा,
खेळाचा शिक्षक