आईची फाइल एकीकडे, बाळाची दुसरीकडे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मारहाणीला कंटाळून तान्ह्या बाळासह घराबाहेर पडलेल्या तरुण मुलींसाठी आपल्या राज्यात काहीच सोय नाही, असे म्हणणे बरोबर होणार नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, पीडित महिलांना एकाच छताखाली मदत देणारे ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहे, ‘स्वाधार’ आणि ‘उज्ज्वला’ या जुन्या योजना एकत्र करून केंद्राच्या महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’खाली आणलेली शक्ती सदने, म्हणजे निराधार महिलांचे निवास आहेत, 181 हा मदत क्रमांक आहे. या सगळ्यांचा भर मुलीला मारणाऱ्याच्या हातून सोडवण्यावर आहे आणि तो असायलाच हवा. माझे म्हणणे त्यानंतरच्या दिवसांविषयी आहे. सुटून आलेली मुलगी पुष्कळदा अठरा-वीस वर्षांची असते, तिच्या कडेवर मूल असते, आणि ते वाढवायला तिला कोणी मदत करायची, हे कोणत्याच खात्याने आपले काम मानलेले नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून मी निवृत्त झाले आणि आता निराधार महिलांच्या एका निवासात बाळांची वजने घ्यायला जाते. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या रीतीला नावे ठेवण्यासारखे पुष्कळ आहे, खर्चाचा सगळा भार माहेरावर टाकणे हे तर आहेच. पण पहिलटकरणीला मूल सांभाळायला शिकवण्याची आपल्या समाजाने केलेली व्यवस्था तीच आहे. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ कसे घालावे, ते दूध ओढत नसेल तर कसे धरावे, रात्री कळवळून रडते ते पोटासाठी की कानासाठी, हे आई किंवा आजी शेजारी बसून दाखवते. शिवाय अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि सव्वा महिना थोडी तरी झोप. जिच्या माहेराने ‘आता तेच तुझे घर’ म्हणून दार लावून घेतले, किंवा जिला मार माहेरातच बसला, तिला हे कोण देणार? निवासात जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात. अंगावर पाजणाऱ्या मुलीला पहाटे तीनला भूक लागते, तेव्हा स्वयंपाकघराला कुलूप असते.

एका मुलीचा मुलगा पावणेदोन वर्षांचा होता. चिडला की आईच्या तोंडावर चापट मारायचा. या वयाची मुले मारतात, चावतात, त्यात नवल काहीच नाही. पण तिथल्या एक बाई सहज बोलून गेल्या, “बापावर गेलाय.” त्यानंतर ती मुलगी त्याला जवळ घेईना. त्याने हात उगारला की ती भिंतीकडे सरकायची, तो आणखी बिथरायचा आणि दोघेही रडायचे. बाईंच्या मनात वाईट काही नव्हते, आपण सगळेच असे बोलतो. त्या वेळी कोणीतरी तिच्या शेजारी बसून एवढेच सांगायला हवे होते, की त्याचा हात हलकेच धर, ‘मारायचं नाही’ एवढेच म्हण, आणि शांत झाला की कडेवर घे; तो बापासारखा वागत नाही, त्याच्या वयासारखा वागतो आहे. निवासात अधीक्षिका होत्या, समुपदेशक होत्या, पहारेकरीही होता. समुपदेशक बाईंचा दिवस कोर्टाच्या तारखा आणि पोलीस ठाण्याची पत्रे यांतच संपत असे.

वर्षभर मार खाल्लेली बाई दार आपटले तरी दचकते. बाळ सलग रडू लागले की काहींचे हातपाय गार पडतात, काही जणी उठून दुसऱ्या खोलीत जातात. पाहणाऱ्याला तो निष्काळजीपणा वाटतो आणि मग ‘सांभाळता येत नसेल तर शिशुगृहात दे’ हे वाक्य येते. असे सहज बोलायला कायद्यात आधार नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मूल स्वाधीन करायचे ते बाल कल्याण समितीसमोर, आणि त्यानंतरही फेरविचारासाठी दोन महिने दिलेले आहेत. परंतु वाक्याचा परिणाम व्हायचा तो होतोच. मुलगी मदत मागणे बंद करते. बाळाचा ताप लपवते, वजन घटले तर काट्यावर ठेवायला आणत नाही, कारण प्रत्येक तक्रार आपल्याविरुद्ध लिहिली जाईल अशी तिला भीती असते.

आई स्वतः अठराच्या आतली असेल तर गुंता वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 19 वयोगटातल्या 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या होत्या. घर सुटलेली अशी मुलगी आणि तिचे बाळ, दोघेही कायद्याने बालकच. आईला मुलींच्या बालगृहात आणि बाळाला शिशुगृहात ठेवणे कागदोपत्री सोपे पडते, आणि सोपे असते ते घडते. मोठ्या आईचेही फार वेगळे नाही: तिचे प्रकरण ‘मिशन शक्ती’त, बाळाचे बालसंरक्षणाच्या ‘मिशन वात्सल्य’त, आणि दोन्हींसाठी तीच कागदपत्रे दोनदा.

पैशाची मदत वयाच्या अटींतून निसटते. बाळंतपणासाठी पैसे देणाऱ्या मातृ वंदना योजनेला किमान वय 18 वर्षे 7 महिने, लाडकी बहीण योजनेला 21 पूर्ण. म्हणजे सतरा वर्षांच्या किंवा नुकतीच अठरा पूर्ण केलेल्या मातेला दोन्हींपैकी एकही नाही आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मातेला फक्त पहिली. बालसंगोपन योजनेचे महिना 2250 रुपये बाळाच्या नावे मिळू शकतात, पण अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या मुलीजवळ रहिवासाचा पुरावा कुठला? अविवाहित मातेने बाळाच्या वडिलांचे नाव सांगितलेच पाहिजे असे नाही आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्माचा दाखला द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच स्पष्ट केले. तरी खिडकीवर वडिलांचे नाव विचारले जाते.

माझ्या जुन्या खात्याबद्दलही लिहिले पाहिजे. अंगणवाडीचा घरपोच आहार सर्वेक्षण नोंदवहीत नाव असलेल्या घरांना जातो. निवास त्या नोंदवहीत ‘घर’ म्हणून नसतो. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाइल ॲपवर स्थलांतरित लाभार्थीची नोंद दुसरीकडे घेता येते. पण त्यासाठी मुलीने आधीची अंगणवाडी सांगावी लागते आणि नवऱ्याच्या गावाला आपला पत्ता कळेल या धास्तीने ती सांगत नाही. आशाताईंचेही तसेच. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी 42 दिवसांत सहा भेटी आणि पुढे पंधरा महिन्यांपर्यंत आणखी पाच, अशी चांगली पद्धत घालून दिलेली आहे, परंतु भेटीची यादी वस्तीवरून बनते. ही मुलगी कोणत्याच वस्तीतली नाही. शक्ती सदनापर्यंतही न पोहोचलेल्या, स्टेशनवर किंवा पुलाखाली झोपणाऱ्या मुली तर या हिशेबात येतच नाहीत.

यासाठी नवी योजना काढा असे मी म्हणणार नाही. नव्या योजनेबरोबर नवा अर्जच तेवढा येतो. शक्ती सदन आणि पाळणाघरांची ‘पाळणा’ या दोन्ही योजना ‘मिशन शक्ती’च्या ‘सामर्थ्य’ या एकाच भागात आहेत. लहान मुले असलेल्या प्रत्येक सदनाला पाळणाघर जोडायला मग अडचण काय? निवासाचा पत्ता जवळच्या अंगणवाडीच्या आणि आशाताईंच्या यादीत घर म्हणून घालावा, आणि जुना पत्ता विचारू नये, असे एका परिपत्रकाने सांगता येईल. त्याहून महत्त्वाची गोष्ट माणसाची आहे: आठवड्यातून निदान तीन दिवस येणारी, अहवाल न लिहिणारी, मुलींजवळ बसून न्हाऊ-माखू आणि खाणे-झोपवणे दाखवणारी एक अनुभवी बाई. मुलीने खोली भाड्याने घेऊन काम धरल्यावरही वर्षभर तिनेच जाऊन यावे, कारण मूल आजारी पडले, मालकाने खाडा कापला आणि घरभाडे थकले की मुली मारणाऱ्याकडेच परत जातात, हे मी पाहिले आहे. महिला व बालविकास आयुक्तालयाने पुणे जिल्ह्यातल्या निवासांपासून सुरुवात करावी. पदनिर्मितीची वाट पाहण्याचे कारण नाही. निवृत्त अंगणवाडी सेविकांना मानधनावर बोलावता येईल, आणि माझ्या ओळखीतल्याच कितीतरी जणी यायला तयार आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्यसेविका, पुणे