मंत्रीमहोदय, पाच लाखांचं कार्ड मिळालं. चालायची वाट कधी?

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या बागेत शिरलं आणि चालायची वाट उखडली. आपण पाहणीला आलात, ‘दिवाळीआधी नवा ट्रॅक’ असं सगळ्यांसमक्ष बोललात. कुठली दिवाळी, ते विचारायचं आमचं राहूनच गेलं. गेल्या आठवड्यात तिथल्याच सुट्या पेव्हर ब्लॉकवरून मी पडले. उजवं मनगट मोडलं. वय ७३. पत्र मी सांगतेय, नात टाइप करतेय.

प्लास्टर सोसवतं हो. धास्ती आहे ती खुर्चीची. डॉक्टर बजावतात, “आजी, बसून राहू नका.” तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू तीन ते आठ टक्के घटतात, साठीनंतर आणखी भराभर. वजनकाट्याला ते कळत नाही. मांस झडतं, चरबी चढते, आकडा तोच. माझं पोट सुटलंय, मांड्या वाळल्यात, आणि येणारेजाणारे म्हणतात, तब्येत छान आहे! हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठबस बारा सेकंदांच्या आत व्हावी, असा आशियाई तज्ज्ञांचा मापदंड आहे. मला पहिलीच जमत नाही, आणि टेकायचा हात गळ्यात बांधलेला. जन्मभर वर्गात उभं राहून शिकवलं. आता संडासातून उठायला सुनेला हाक मारते. हेही लिहायला लावलंत.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल करावी, शिवाय तीन दिवस ताकदीचे नि तोल सांभाळायचे व्यायाम करावेत. करू की! कुठे? फुटपाथवर स्कूटर आणि शेवउसळीची टेबलं. ओपन जिमची फीत आपणच कापलीत. तिथल्या यंत्रावर चढायला धरायला काही नाही. दम खायची बाकडी काढून सेल्फी पॉइंट उभारलात. बाकडं नसेल तर म्हातारं माणूस घराबाहेरच पडत नाही, हे कोणाला सुचलं नाही?

म्हातारपणी काय व्हायचंय, असंही म्हणू नका. बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली, तर पायांची ताकद दुपटीहून वाढली. तो प्रयोग १९९० सालचा. आणि आम्ही व्यायामगुरू माणिकरावांच्या आखाड्याच्या गावचे! सयाजीरावांनी १८७९ मध्ये कामाटीबाग उभारली, तीही मतं न मागता.

सत्तरीपुढच्यांना केंद्राने पाच लाखांचं विमाकार्ड दिलं. फोटोसकट. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. माझं मनगट भरती न करता बसवलं, म्हणून बिल माझ्या पेन्शनीतून. खुबा मोडला असता तर सरकार धावलं असतं! दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना ऐंशी वर्षांपर्यंत केंद्र महिन्याला दोनशे रुपये पेन्शन देतं, त्यात दूध तरी येतं का? रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच. करोना संपला, सवलत आली नाही. आम्हाला घरात बसवायचं हेच धोरण असेल तर तसं छापून तरी टाका.

सपाट वाट, कठडे, वाटेत बाकडी, प्रभागातल्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट, एवढंच मागतेय. ‘आपले निवेदन संबंधित खात्याकडे पाठवले आहे’ असं उत्तर कृपया धाडू नका. ते माझ्याकडे आहे.

आपली,
दांडिया बाजारातली एक मतदार, वडोदरा