होल्याच्या निमित्ताने नंदेला पत्र

गंगापूर रोड, नाशिक
भाद्रपद वद्य सप्तमी

प्रिय नंदे,

चार महिने पत्र नाही, फोन केला तोही दोन मिनिटांचा. रागावली असशील तर तुझं बरोबरच आहे. पण आजचं हे तुझ्याशिवाय कुणाला सांगावं कळेना. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, पाखरूच ना ते. माझी तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू, गुडघा आहे तसाच.

सकाळी पारिजातकाखाली, पाखरांसाठी पाणी ठेवतो त्या आपल्या थाळीच्या काठावर एक होला बसला होता. पिसं फुगवून, मान आत ओढून. जवळ गेले तरी उडेना. पाण्यात चोच घालायचा, पण घोट खाली उतरत नव्हता. चोचीभोवतीची पिसं ओली, चिकट. चोच उघडली तेव्हा आत पिवळसर थर दिसला, पनीरच्या चुऱ्यासारखा. खोक्यात घालून पशुवैद्यांकडे नेईपर्यंत गेला. घशातला नमुना तपासल्याशिवाय खात्रीने म्हणता येत नाही, पण ही लक्षणं ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय जंतूची. पारवे आणि होले हे त्याचं जुनं घर. पुष्कळ पारवे स्वतः धडधाकट दिसतात आणि तोंडात हा जंतू बाळगून असतात. हे पक्षी चोच बुडवून पाणी ओढून पितात, त्यामुळे लाळ सरळ पाण्यात उतरते. घशाखाली न गेलेला दाणाही तिथेच पडतो. पुढचा येऊन तेच पाणी पितो. माणसाला याची बाधा होत नाही, पण थाळी आपण भरतो गं, म्हणून जीव तुटतो. घाण थाळीपेक्षा थाळी नसलेली बरी, हे तुला किती वर्षं सांगतेय. आज ते मलाच ऐकावं लागलं.

त्यातून पितृपक्ष चालू आहे. घरोघरी कावळ्यांसाठी पानं निघतात, आणि हे शहाणे वडे, भात, पुरी उचलून आपल्या थाळीत आणून भिजवतात. आपले अण्णा चहात पाव बुडवायचे ना, अगदी तसं! पण वड्याचं तेल पाण्यावर पसरतं आणि भात संध्याकाळपर्यंत आंबतो. तेलाचा तवंग पिसांना लागला की त्यांचं पाणी झटकणं बंद होतं. डास होऊ नयेत म्हणून पाण्यात रॉकेलचे नाहीतर खोबरेल तेलाचे थेंब टाका, असं सांगणारे भेटतात, त्यांना हेच सांग. साबण आणि भांड्याची पावडरही याच कारणाने नको. पिसांवरचं नैसर्गिक तेल धुऊन जातं. या पंधरवड्यात पाणी दिवसातून दोनदा बदलायला हवं, सकाळी एकदा आणि पानं ठेवून झाल्यावर एकदा.

आता तुझ्या पारिजातकाचं. आठवतं, थाळी कुठे ठेवायची यावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो? तू म्हणालीस सावली हवी, आणि ते खरंच होतं. उन्हात पाणी तापतं, शेवाळ लवकर धरतं. पण फांदीखाली ठेवली की रोज पहाटे फुलांचा सडा पाण्यात, वर बसणाऱ्या साळुंक्यांची विष्ठाही पाण्यात. फुलं कुजली, विष्ठा विरघळली की शेवाळाला खतच मिळतं. म्हणून आज थाळी हलवली. कुंपणाच्या भिंतीच्या पूर्वेला, म्हणजे दुपारनंतर भिंतीची सावली मिळते आणि डोक्यावर मोकळं आकाश राहतं. जास्वंदीपासून सातआठ फूट लांब, कमरेएवढ्या उंचीवर. मांजराला झुडपात दबा धरून झेप घेता येत नाही, आणि ओल्या पंखांच्या बुलबुलाला मात्र पटकन आडोसा गाठता येतो. दाण्याचा ट्रे बराच लांब नेला, नाहीतर फोलपटं पाण्यात फुगून बसतात.

रोजचं काम पाच मिनिटांचं. पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायचं, नारळाच्या शेंडीने तळ आणि काठ घासायचे, खळखळून धुवायचं, भरायचं. नुसतं वरून ताजं पाणी घालणं म्हणजे धुणं नव्हे, खाली साचलेलं तसंच राहतं. वाळलेली विष्ठा कोरडी खरवडू नकोस, आधी पाणी मारून मऊ कर, नाहीतर तिची धूळ नाकात जाते. हातमोजे घालायचे, शेंडी वेगळी ठेवायची आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये थाळी कधीच धुवायची नाही.

डासांवरून आमच्याकडे दर पावसाळ्यात बोलणी होतात. घरोघरी साचलेलं पाणी तपासणारे आले की समोरच्या काकू बोट आपल्या थाळीकडेच दाखवतात. त्यांची भीती खोटी नाही. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या भिंतीला चिकटवून. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, आणि पाणी पुन्हा तिथवर चढलं की अळ्या बाहेर येतात. म्हणून पाणी ओतून दिलं म्हणजे झालं, असं नाही, ती रेष घासावी लागते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, उकाड्यात आणखी कमी. रोज घासलेल्या थाळीत त्याला तेवढी सवड मिळतच नाही. हे मी काकूंना अंगणात उभं राहून दाखवलं. आता त्या गप्प आहेत, निदान दिवाळीपर्यंत.

आठवड्यातून एकदा मोठी धुलाई. आधी घासून सगळी घाण काढायची, कारण ब्लीचची ताकद घाणीवरच खर्च होते. मग घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ९ भाग, म्हणजे १०० मिली ब्लीचमध्ये ९०० मिली पाणी. हे त्याच दिवशी ताजं कालवायचं, उरलेलं जपून ठेवण्यात अर्थ नाही. १० मिनिटं भिजू द्यायचं, तीनचार वेळा धुवायचं आणि वास पूर्ण जाईपर्यंत कडक उन्हात वाळवायचं. मातीची थाळी ब्लीच शोषून घेते, म्हणून तिला धुतल्यावर अर्धा तास साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि मग दिवसभर ऊन. ट्रायकोमोनासला कोरडेपणा सोसत नाही, त्यामुळे ऊन हेच खरं औषध. म्हणून थाळ्या दोन हव्यात, एक वापरात, एक उन्हात. एकाच थाळीवर चालवायला गेलं की वाळवायला वेळ मिळत नाही, आणि माझं चुकलं ते नेमकं इथे. दुसरी थाळी जूनमध्ये फुटली, आज आणू, उद्या आणू करत राहिले.

ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एकत्र नको, क्लोरीन वायू निघतो. संडास धुवायच्या ॲसिडबरोबर तर मुळीच नको. तू मागे बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या डागांबद्दल विचारलं होतंस. चकचकीत चिनीमातीवर व्हिनेगर चालतं, दहा मिनिटं ठेवून घासून टाक. सिमेंटच्या भांड्याला लावू नकोस, त्यातला चुना विरघळतो, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि शेवाळाला धरायला जागा मिळते. आमच्याकडे नळाला गंगापूर धरणाचं पाणी, त्यामुळे तो प्रश्न कमी.

आणि शेवाळ धरू नये म्हणून तू थाळीत टाकतेस ते तांब्याचे पैसे! तांबं शेवाळाला रोखतं हे खरं, मी कधी नाकारलं नाही. पण दोन इंच कोमट पाण्यात किती तांबं उतरलं हे तू मोजणार कशी? चष्मेवाला पक्षी जेमतेम दहा ग्रॅमचा असतो. पैसे काढ, शेंडी हातात घे. कारंज्याचा पंप बसवायचा तर बसव, हलत्या पाण्यावर डास अंडी घालायला सहसा येत नाही. पण पंपाचा स्पंज आठवड्याला पिळून धुवावा लागतो, नाहीतर त्यात बुळबुळीत साय धरते आणि पंप तीच घाण थाळीत फिरवत बसतो.

खोलीचं तुला पाठ आहे, तरी लिहिते. काठाला अर्धा इंच, मध्ये जास्तीत जास्त दोन. मधमाश्यांना बसायला पाचसहा गोटे पुरेत, कारण प्रत्येक गोटा रोज घासावा लागतो. सातभाई एकदम सगळे थाळीत उतरले की त्र्यंबकच्या सहलीतला आपला वर्ग आठवतो, निम्मं पाणी बाहेर!

मार्चमध्ये चिमणी दिवसाच्या सुमारास हौसेने थाळ्या वाटतात. तो दिवस आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावरांनी २०१० साली सुरू केला, म्हणून मला त्याचा फार अभिमान आहे. पण प्रत्येक थाळीबरोबर एक घासणी आणि चार ओळींचा कागद द्यायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता दोन आठवडे मी पाणी आणि दाणे दोन्ही बंद ठेवणार आहे. आजारी आणि बरे एकाच ठिकाणी जमले नाहीत तर साखळी तुटते. पावसाची डबकी अजून आहेत, तहानलेलं कुणी राहणार नाही. हेच एप्रिलमध्ये झालं असतं तर फार जड गेलं असतं. आज बुलबुलांची जोडी तीनदा रिकाम्या जागेवर येऊन गेली. मी खिडकी लावून घेतली. तुला काय वाटतं, दोन आठवडे पुरेत ना? तुझ्या गच्चीवर पारव्यांचं तसं झालं होतं तेव्हा तू किती दिवस थांबली होतीस?

मेघाचं लग्न ठरलं हे ताईकडून कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव. भाऊजींचे डोळे कसे आहेत? नवीन घरात पाणी किती वाजता येतं? सविस्तर लिही.

तुझीच,
शुभा

ता. क. नवीन थाळी कुंभाराकडून आणशील तर आत झिलई नसलेली आण, पाय घसरत नाहीत. पहिल्यांदा भरण्याआधी एक रात्र पाण्यात बुडवून ठेव. आणि येताना माझ्यासाठीही एक आण.