एकटीला विचारावं लागलं नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी डिचोलीची. टपाल खात्यातून निवृत्त झाले, वय ६४. लेकीच्या बाळंतपणासाठी मेलबर्नला गेले होते. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली, म्हणून सोबतीला कोणी नव्हतं. जाताना सिंगापूर, येताना बँकॉक असा प्रवास होता. जावयांनी बजावलं होतं, "आई, विमानतळाच्या बाहेर पडू नका, खुर्चीवर बसून राहा." मी दोन्हीकडे बाहेर पडले. तिथे जे पाहिलं त्यातली एकच गोष्ट आपल्या गोव्यासाठी सांगावीशी वाटते, म्हणून हे पत्र.

सिंगापूरमध्ये आपल्याला एरवी व्हिसा लागतो. पण ऑस्ट्रेलियाचा चालू व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट हाती असेल तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय शहरात जाता येतं. लेकीने आगमनाचा ऑनलाइन अर्ज आधीच भरून ठेवला होता. सामान विमानतळावर पैसे भरून ठेवलं, मेट्रोत बसले, एक्स्पो स्थानकावर गाडी बदलली आणि लिटल इंडियाला उतरले. या सगळ्यात एकाही माणसाला काही विचारावं लागलं नाही. पुढची गाडी किती मिनिटांत येणार ते फलकावर दिसत होतं. स्थानकात सूचना होत्या त्या इंग्रजी, चिनी, मलय आणि तमीळ अशा चार भाषांत. सेरंगून रोडवर वीरमाकाळीअम्मनचं देऊळ आहे, तिथे हात जोडले. बाहेर मोगऱ्याच्या माळा ओवत बसलेल्या बायका पाहून म्हापशाचा शुक्रवारचा बाजारच आठवला.

दुपारी टेक्का सेंटरमध्ये जेवले. तिथली ही खाण्याची सार्वजनिक ठिकाणं, हॉकर सेंटर म्हणतात त्यांना, २०२० साली युनेस्कोच्या यादीत गेली. प्रत्येक टपरीवर पदार्थाचं चित्र आणि खाली किंमत. टेबलावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट ठेवलेलं दिसलं. मला वाटलं, कोणी तरी विसरून गेलं. शेजारची आजी खुणेने म्हणाली, नको, ती जागा धरलेली आहे. तिथे लोक असंच पाकीट ठेवतात आणि निर्धास्तपणे ताट आणायला जातात. पर्स नाही, पिशवी नाही, रुमालांचं पाकीट! मीही माझ्या जागेवर पाकीट ठेवलं आणि डोसा घेऊन आले. जागा तशीच होती. जेवण झाल्यावर आपला ट्रे आपणच नेऊन ठेवायचा, २०२१ पासून तशी सक्तीच आहे. माझ्यासारख्या एकट्या जेवणाऱ्या बायका तिथे कितीतरी होत्या आणि कोणी कोणाकडे वळून पाहत नव्हतं.

बँकॉकला मी गेले तेव्हा भारतीयांना व्हिसा लागत नव्हता. एक रात्र आणि पुढची सकाळ एवढाच वेळ हातात होता. तिथल्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, थायी लोक ते 'सुवन्नफूम' म्हणतात. शहराला ते स्वतः क्रुंग थेप म्हणतात, म्हणजे देवांची नगरी. अक्षर एकही वाचता येत नसताना ही नावं कानाला ओळखीची लागत होती. फाया थायला हॉटेलात सामान टाकलं, तिथून आकाशातल्या रेल्वेने साफान ताक्सिन, आणि खाली उतरलं की चाओ फ्राया नदीचा धक्का. नारिंगी झेंड्याच्या बोटीत चढले. तिकीट देणारी बाई हातात पत्र्याची लांबट नळी घेऊन फिरत होती. नळीत नाणी आणि तिकिटांची भेंडोळी. ती खुळखुळवली की लोक न सांगता पैसे पुढे करत. भाडं सगळ्यांना एकच. मागे उभा असलेला माणूस शिट्टी घालत होता आणि त्या शिट्टीवर चालक बोट धक्क्याला लावत होता. भिक्षूंसाठी उभं राहायची जागा वेगळी राखलेली. वाट अरुणला, म्हणजे अरुणाच्या देवळाशी, उतरले. आपला अरुण, सूर्याचा सारथी! मांडवीच्या काठी वाढलेल्या मला त्या बोटीत इतकं घरच्यासारखं वाटलं की डोळे भरून आले.

रात्री मेट्रोने यावरातला, म्हणजे तिथल्या चिनी वस्तीत गेले, रस्त्यावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून भात खाल्ला आणि साडेनऊला सुखरूप खोलीवर आले. सकाळी गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलवाले दिसले, नारिंगी जाकिटं घातलेले, पाठीवर क्रमांक. थेट आपल्या गोव्यातले पायलटच, भाडं घेऊन मोटारसायकलवरून सोडणारे. फरक एवढाच की त्यांच्या थांब्यावर भाड्याचा फलक होता, कुठून कुठे किती. मी ओळीवर बोट ठेवलं, त्याने मान हलवली, निघालो.

आता आपल्याकडचं. परत आल्यावर पंधरा दिवसांनी, रात्री साडेआठच्या सुमारास एका बसस्थानकावर (कोणत्या ते लिहीत नाही) एक परदेशी मुलगी पाठीवर पिशवी घेऊन उभी होती. तिला पणजी गाठायची होती. एकाने सांगितलं बस आहे, दुसऱ्याने सांगितलं गेली, तिसऱ्याने टॅक्सीचा आकडा सांगितला. वेळापत्रकाच्या पाटीवर जाहिरातीचा कागद चिकटवलेला होता. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. ती घाबरली नव्हती, पण तीन अनोळखी पुरुषांच्या तोंडाकडे पाहत राहण्याची पाळी तिच्यावर आली होती. शेवटी माझ्या भाच्याने तिला पणजीला सोडलं.

आमच्या टपाल कचेरीत खिडकीशेजारी दराचा तक्ता असे. पोस्टकार्ड पन्नास पैसे, अंतर्देशीय अडीच रुपये. तक्ता फाटला की दोन दिवसांत लोक दबकत विचारू लागत, विशेषतः बायका. नवा लावला की ताठ मानेने पैसे पुढे करत. माझ्या नोकरीत मी हे अनेकदा पाहिलं.

मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून गोव्यात दोन विमानतळ आहेत. एका दिवसासाठी उतरणारे, एकटे येणारे लोक वाढणारच. आपल्या साध्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला पैसेही पडत नाहीत, पण हे धक्क्यावर लिहिलेलं किती ठिकाणी दिसतं? मेट्रो मागायची माझी इच्छा नाही. प्रत्येक बसस्थानकावर शेवटच्या बसची वेळ, पायलटांच्या थांब्यावर भाडं आणि फेरीच्या धक्क्यावर वेळापत्रक, एवढं मराठी, कोकणी आणि इंग्रजीत लिहिलेलं हवं. संबंधितांनी मनावर घ्यावं ही विनंती. आमच्या डिचोलीच्या स्थानकासाठी परवानगी मिळाली तर फलक मी स्वतः लिहून देईन. रंग आणि ब्रशही माझेच.

आपली नम्र,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, डिचोली